गच्चीवर ताडपत्री चालते, पत्रा चालत नाही

मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या एका सोसायटीला नोटीस आली. तळमजला अधिक चार, इमारत ३५ वर्षांची, लिफ्ट नाही, वरच्या मजल्यावर बहुतेक निवृत्त मंडळी. गुन्हा काय, तर गच्चीवर पत्र्याची शेड. लोखंडी अँगलवर रंगीत पत्रे, चारही बाजूंनी उघडी, खाली पाण्याच्या टाक्या आणि वाळत घातलेले कपडे. बांधकाम विनापरवाना आहे, काढून टाका, नाहीतर पालिका पाडेल आणि खर्च तुमच्याकडून वसूल करेल. खाली सही, शिक्का.

सोसायटीचे सेक्रेटरी प्रभाग कार्यालयात गेले, मी सोबत होतो. समोरचे कनिष्ठ अभियंता माणूस म्हणून भले. खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "काका, पत्रा काढा आणि ताडपत्री टाका. पावसाळी शेडचा अर्ज करा, मी लगेच पुढे पाठवतो. पाऊस संपला की काढायची."

सेक्रेटरी म्हणाले, "आणि पुढच्या जूनला?"

"परत अर्ज करा."

एवढं संभाषण मुद्दाम लिहिलं, कारण सगळा घोळ यातच आहे. तीच गच्ची, तीच उंची, तेच काम. प्लास्टिक टाकलं तर तुम्ही नागरिक, पत्रा टाकला तर अतिक्रमणवाले.

आता यात त्या अभियंत्याने मनाचं काही सांगितलं नाही. विकास नियंत्रण नियमावलीत तात्पुरत्या बांधकामाचं कलम आहे. मुंबईच्या १९९१ च्या नियमावलीत ते होतं, पुढच्या नियमावल्यांतही थोड्याफार फरकाने आलं. मंडप, यात्रेतले तंबू, बांधकामाच्या साइटवरची गोदामं यांच्या पंगतीत एक ओळ आहे : पावसापासून संरक्षणासाठी किंवा गच्ची झाकण्यासाठी, फक्त पावसाळ्यापुरतं. परवानगी एका वेळी सहा महिन्यांच्या वर नाही. म्हणजे कायद्याच्या लेखी तुमच्या डोक्यावरचं छप्पर आणि गणपतीचा मंडप एका जातीचे. गणपती अकरा दिवसांनी जातात, त्यामुळे त्यांचं ठीक आहे हो. गच्ची कुठे जाणार?

कायम छप्पर का नको, तर एफएसआय. प्लॉटवर किती चौरस फूट बांधायचं याचा हिशेब ठरलेला असतो, आणि डोक्यावर पक्कं आच्छादन आलं की खालची जागा त्या हिशेबात धरायची. जुन्या इमारतींनी आपला एफएसआय बिल्डर गेला त्याच दिवशी संपवलेला असतो. मग शेड आपोआप 'जादा बांधकाम'. खाली भिंत नाही, दार नाही, कोणी झोपत नाही, याच्याशी कागदाला देणंघेणं नाही.

पण आधी हे बघू की लोक पत्रा टाकतात कशाला. हौस म्हणून कोणी लाखोंचा खर्च करत नाही.

आपल्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ही सांताक्रूझची सरासरी आहे. कोकणात आणि घाटाजवळ याहून जास्त. इतक्या पावसाच्या मुलखात शेकडो वर्षं माणसांनी एकच छप्पर बांधलं, उताराचं. आधी गवत, झावळ्या, मग नळीची कौलं, मग मंगळुरी कौलं. बाझेल मिशनवाल्यांनी १८६५ मध्ये मंगळुरात कारखाना काढला आणि ती कौलं सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. गिरगाव-दादरच्या जुन्या चाळींवर अजून दिसतात. पाणी पडलं की घरंगळून खाली. साधी गोष्ट. मग सिमेंट आलं, सपाट स्लॅब आला, आणि आपण २००० मिलिमीटर पाऊस एका सपाट ताटात झेलायला लागलो. ताटाचा उतार नीट नसेल, एखादा पाइप पानांनी तुंबला असेल, की पाणी साचणार. साचलेलं पाणी वाट शोधतं. आधी छतावर पिवळा डाग, मग बुरशी, मग पंख्याच्या हुकातून थेंब. आत सळई गंजते, गंजली की फुगते, फुगली की खालचं काँक्रीट ढलप्यांनी पडतं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला हे सांगायची गरज नाही. त्याच्या घरी बादल्यांच्या जागा ठरलेल्या असतात.

यावर सोसायट्या काय करतात? वॉटरप्रूफिंग. ब्रिकबॅट कोबा, त्यावर फुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक, मग डांबरी शीट, मग केमिकल कोटिंग. प्रत्येक ठेकेदार दहा वर्षांची गॅरंटी देतो आणि तिसऱ्या पावसात फोन उचलत नाही. जुना कोबा फोडायचा खर्च नको म्हणून त्याच्यावरच नवा थर चढवतात. आता जरा हिशेब करा. चार-साडेचार इंच जाडीचा कोबा दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भरतो. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा दर चौरस मीटरला चार-पाच किलो, खालचे अँगल धरून अगदी ढिसाळ हिशेबाने २० किलो म्हणा. ३५ वर्षांच्या, सळया गंजलेल्या स्लॅबवर २०० किलोचा आणखी एक थर टाकायला कोणी अडवत नाही. एक अर्ज लागत नाही. २० किलोचं छप्पर टाकलं की नोटीस.

कोणी म्हणेल, इमारतीच्या जिवाला धोका नको म्हणूनच पालिका नियम लावते. मग ऐका. ३० वर्षांपुढच्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या म्हणून हीच पालिका दुसरी नोटीस पाठवते. मुंबईच्या कायद्यात त्यासाठी ३५३ ब आहे, बाकीच्या महापालिकांच्या कायद्यात २६५ अ. ऑडिट करणारा इंजिनिअर अहवालात पहिल्या पानावर काय लिहितो? गच्चीतून होणारी गळती थांबवा. उल्हासनगरात मे २०२१ मध्ये पंधरा दिवसांत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले, दोन्ही मिळून १२ जीव गेले. त्या स्लॅबचं दुखणं वेगळं होतं, निकृष्ट बांधकामाचं, ते गळतीच्या खात्यावर मी टाकत नाही. पण कमजोर काँक्रीटमध्ये दर वर्षी चार महिने पाणी मुरवत ठेवणं म्हणजे आजारी माणसाला रोज थोडं थोडं विष देणं. एक विभाग सांगतो गळती थांबवा, दुसरा सांगतो थांबवण्याचं साधन काढा. दोन्ही विभाग एकाच इमारतीत बसतात, एकाच कँटीनचा चहा पितात.

आता ताडपत्रीबद्दल. ही 'तात्पुरती' वस्तू किती निरुपद्रवी आहे ते बघू.

बांबू, काथ्या, नायलॉनची दोरी आणि निळं प्लास्टिक. जूनच्या पहिल्या वाऱ्यात एक कोपरा सुटतो. रात्रभर फडफड. खालच्या माणसाला झोप नाही. जुलैत मध्ये पोट धरतं, पाणी साचतं, फाटतं, आणि आठवड्याचं पाणी एकदम गच्चीवर. सुटलेलं प्लास्टिक उडून रेल्वेच्या ओव्हरहेड वायरवर अडकतं आणि गाड्या थांबतात, हा अनुभव लोकलने जाणाऱ्या कोणालाही विचारा. सप्टेंबर संपल्यावर ते कचऱ्यात, कारण उन्हाने कडक झालेली ताडपत्री दुसऱ्या वर्षी घडी उलगडताच तुटते. एकीकडे पालिका प्लास्टिकच्या पिशवीसाठी भाजीवाल्या मावशींना दंड करते, दुसरीकडे दर वर्षी गच्चीभर प्लास्टिक फेकून द्यायचा नियमच करून ठेवते.

आणि आग? २९ डिसेंबर २०१७, कमला मिल. गच्चीवरच्या रेस्टॉरंटचं छप्पर कशाचं होतं? बांबू आणि ताडपत्री. काही मिनिटांत पेटलं. १४ माणसं गेली. तिथे दोष अनेक होते, बाहेर पडायच्या वाटा, हुक्का, डोळेझाक, सगळं मान्य. पण पेट घेणारं आच्छादन 'तात्पुरतं' म्हणून सोयीचं आणि न पेटणारा पत्रा 'कायम' म्हणून गुन्हा, हा फरक त्या रात्रीनंतर तरी कोणीतरी पुन्हा तपासायला हवा होता. हॉटेलांच्या गच्च्यांवर कारवाया झाल्या, फोटो आले. घरांच्या गच्च्यांसाठी नियमाची ओळ तीच राहिली.

आता दुसरी बाजू. ती खोटी नाही, म्हणून नीट मांडतो.

पालिकेची भीती अशी : आज शेड, उद्या कडेने ग्रिल, परवा विटा, तेरवा भाडेकरू. हे होतं. आपल्याच भागात अशा गच्च्या मी पाच मिनिटांत दाखवू शकतो. वर खोली, खोलीत कारागीर, जिन्यात गॅसचा सिलिंडर. आग लागली तर सुटका नाही. असं बांधकाम पाडलंच पाहिजे आणि आधी पाडलं पाहिजे. पण बघा, त्यात गुन्हा कशाचा आहे? भिंतीचा. राहायला देण्याचा. पत्रा तर दोन्हीकडे तोच. उघड्या शेडवाल्याला आणि गच्चीवर चार खोल्या काढून भाडं खाणाऱ्याला एकाच कलमाची, एकाच मजकुराची नोटीस जाते. नगररचना कायद्याचं कलम ५३, मागे उभं ५२, त्यात तुरुंगवासापर्यंतची तरतूद. निवृत्त शिक्षक घाबरून पत्रा काढतो. खोल्यावाला घाबरत नाही, त्याला कोणाला भेटायचं ते माहीत असतं. अशा सरसकट नियमाचा त्रास फक्त सरळ माणसाला होतो.

शास्तीचा प्रकार तर त्याहून भारी. महापालिका कायद्यात कलम २६७ अ आहे. अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत शास्ती. पिंपरी-चिंचवडकरांना यावर वेगळं सांगायला नको, तिथे वर्षानुवर्षं निवडणुका या विषयावर लढल्या गेल्या. गंमत अशी की शास्ती भरली तरी बांधकाम अधिकृत होत नाही, ते कलमातच लिहिलंय. म्हणजे बांधकाम इतकं वाईट की ठेवता येत नाही, आणि इतकं चांगलं की दर वर्षी त्यावर वसुली करता येते. धोका असेल तर पाडा. नसेल तर मोकळं करा. मधल्या मध्ये उभं ठेवून पैसे कसले घेता?

दुसरा आक्षेप वादळाचा. पत्रा उडतो आणि खालच्या माणसाच्या मानेवर बसतो. खरं आहे. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला रायगडात घुसलं तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, दापोली, मंडणगड या सगळ्या पट्ट्यात पत्रे आणि कौलं पाचोळ्यासारखी उडाली. तिथे काय टिकलं, काय गेलं, हे गावातल्या सुताराला विचारा. तो सांगेल की पत्रा हुकाने उडतो. हुक किती अंतरावर, वॉशर आहे का, कडेचा पत्रा किती बाहेर काढलाय, अँगल कशात रोवलाय. वाऱ्याच्या भाराचा हिशेब कसा करायचा याचं भारतीय मानक, आयएस ८७५ चा तिसरा भाग, गेली कित्येक वर्षं छापील आहे. पण नियमात छप्परच बेकायदा असेल तर त्याची तपासणी कोण करणार? बेकायदा वस्तूला इंजिनिअरचं प्रमाणपत्र मिळत नाही. मग सोसायटी वेल्डरला बोलावते, तो शनिवार-रविवारच्या सुट्टीत, रातोरात, मिळेल तो अँगल जोडून शेड उभी करून जातो. शेड असुरक्षित होते ती बंदीमुळे, आणि ती असुरक्षित म्हणून बंदी चालू राहते.

वाऱ्याचीच काळजी असेल तर १३ मे २०२४ ला घाटकोपरला काय पडलं ते आठवा. जास्तीत जास्त ४० बाय ४० फुटांची मर्यादा असताना त्याच्या कैक पट मोठं होर्डिंग उभं होतं, १७ माणसं गेली. ते लोखंड कोणाच्या नजरेतून सुटलं? आमच्या गच्चीवरचा दहा फुटी पत्रा मात्र ड्रोनमधून बरोबर दिसतो.

आता त्याच गच्चीवर सोलर लावा. लोखंडी पाय, लोखंडी चौकट, वर काचेची सलग पॅनल्स, तिरकी. लांबून बघितलं तर शेडच. त्याला नोटीस नाही, उलट अनुदान आहे. पीएम सूर्यघर योजनेत स्वतंत्र घराला ७८ हजारांपर्यंत, सोसायटीच्या सामायिक वापरासाठी दर किलोवॅटला १८ हजार. चांगली योजना, घ्याच. मुद्दा एवढाच की लोखंडी सांगाडा गच्चीवर उभा राहू शकतो, वारा सोसू शकतो, एफएसआयचं आभाळ कोसळत नाही, हे सरकारला कळतं. फक्त वर पॅनलऐवजी पत्रा ठेवला की कळेनासं होतं.

आता एक गोष्ट जरा बाजूची, पण छपराचा विषय निघालाच आहे म्हणून. 'पत्रा नको' म्हणणाऱ्या यंत्रणेला पत्रा कशाचा आहे याची चौकशी करावीशी वाटत नाही. आपल्या चाळींवर, झोपड्यांवर, जुन्या शाळांवर, गोदामांवर जो करडा सिमेंटचा पत्रा दिसतो त्यात बहुतेक ठिकाणी ॲस्बेस्टॉस आहे. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार माणसाला कर्करोग करणारे म्हणून सांगते. ६० हून जास्त देशांनी त्यावर बंदी घातली. आपण खाणी बंद केल्या आणि माल बाहेरून आणून पत्रे बनवत राहिलो. बंदी घालणं दिल्लीच्या हातात आहे, कबूल. पण अतिक्रमण विभाग चाळीवरचा असा पत्रा हातोड्याने फोडतो, धूळ उडते, पोरं बाजूला उभी राहून तमाशा बघतात, तेव्हा तो पत्रा अखंड उतरवा, ओला करून उतरवा, एवढं सांगायला दिल्लीची परवानगी लागत नाही.

छपरावर नियमच नकोत असं मी म्हणत नाही, हे एव्हाना लक्षात आलं असेल. तेलंगणाने २०२३ मध्ये कूल रूफ धोरण आणलं. ६०० चौरस यार्ड आणि त्यावरच्या प्लॉटवरच्या घरांना आणि सगळ्या बिगरनिवासी इमारतींना ऊन परतवणारं छप्पर बंधनकारक केलं. अहमदाबादेत गरीब वस्त्यांच्या पत्र्यांना पांढरा रंग मारायचं काम झालं. हेही निर्बंधच आहेत छपराच्या साहित्यावर. पण त्या निर्बंधाच्या खाली राहणाऱ्या माणसाचा विचार आहे. छप्पर तापतं का, पेटतं का, उडतं का, गळतं का, असे प्रश्न तिथे विचारले गेलेत. आपला नियम एकच विचारतो, कायमचं की तात्पुरतं?

मागणी मोठी नाही. गच्चीवरचं उघडं पावसाळी छप्पर एफएसआयच्या बाहेर धरा, साहित्य न पेटणारं हवं अशी अट घाला. उंचीची मर्यादा घाला, कठड्याच्या वर चारही बाजू मोकळ्या असल्याच पाहिजेत म्हणा. स्लॅबची ताकद आणि हुकांची पकड यासाठी परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र मागा, दर तीन वर्षांनी पुन्हा मागा. अग्निशमनवाल्यांना गच्चीवर यायची जागा मोकळी ठेवायला लावा. पाण्याची पन्हळ थेट पर्जन्यजल संधारणाच्या टाकीत सोडायची अट घाला, उन्हाळ्यात टँकर वाचतील. वाजवी फी घ्या, लोक आनंदाने देतील, आज याहून जास्त पैसे पावतीशिवाय जातातच. आणि ज्याने एक वीट रचली, एक माणूस भाड्याने ठेवला, त्याची शेड त्याच आठवड्यात उतरवा. तेव्हा आम्ही पालिकेच्या बाजूने उभे राहू.

हे होणार कसं? नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली नियमावलीत फेरबदल करता येतो. महापालिका प्रस्ताव करते, महिन्याभराची मुदत देऊन हरकती-सूचना मागवते, मग तो राज्य सरकारकडे मंजुरीला जातो. म्हणजे 'हे वरून आहे, आमच्या हातात नाही' असं प्रभाग कार्यालयात कोणी म्हणालं तर ते अर्धंच खरं. पहिलं पाऊल महापालिकेलाही टाकता येतं.

सोसायटीवाल्यांसाठी दोन गोष्टी. गच्चीतून होणारी गळती ही वरच्या मजल्यावाल्याची खासगी कटकट नाही. आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीची दुरुस्ती आणि पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीच्या खर्चात येते, त्यामुळे पहिल्या मजल्यावरच्यांनी 'तुमचं तुम्ही बघा' म्हणू नये. आणि नोटीस आली तर घाबरून गप्प बसू नका, लेखी उत्तर द्या. उत्तराला चारही बाजूंचे फोटो, इमारतीचा ऑडिट अहवाल आणि त्यातली गळतीबद्दलची ओळ जोडा. पोच घ्या.

आमच्या गल्लीतल्या त्या सोसायटीचं उत्तर सोमवारी जातंय. शेजारच्या सात सोसायट्यांनी कलम ३७ खाली फेरबदलाचा प्रस्ताव आणावा असं पत्र आयुक्तांच्या नावे तयार केलंय. तुमच्या सोसायटीची सही हवी असेल तर कमेंटमध्ये फक्त वॉर्ड लिहा, मसुदा पाठवतो. सर्वसाधारण सभेचा ठराव जोडलेला असला तर उत्तम, नसेल तर कमिटीचा ठराव चालेल.